युरोपियन युनियनचा कायदा सदस्य देशानं मोडला, तर दंड वसूल कसा होतो?

लॉ_तिसरं_वर्ष (राजारामपुरी):
युनियनकडं ना पोलीस, ना तुरुंग. मग पोलंड किंवा हंगेरीनं कायदा धाब्यावर बसवला तर त्यांना वठणीवर कोण आणतं? नोट्समध्ये नुसतं 'कलम २५८' एवढंच आहे.

शाहूपुरी_वकील:
२५८ (युनियनच्या कामकाजाच्या कराराचं कलम) ही पहिली पायरी. आयोग, म्हणजे युनियनची कार्यकारी यंत्रणा, आधी रीतसर नोटीस देतो, उत्तराला साधारण २ महिने. उत्तर पटलं नाही तर सकारण अभिप्राय (कायदा कसा मोडला हे कारणांसह सांगणारं पत्र), पुन्हा तेवढीच मुदत. त्यानंतर प्रकरण लक्झेंबर्गमधल्या युनियनच्या न्यायालयात. मेख इथं आहे: पहिल्या निकालात एरवी दंड नसतोच, फक्त 'कायदा मोडला' असं जाहीर होतं. तो निकालही पाळला नाही तर कलम २६० खाली दुसरा दावा, आणि मग ठोक रक्कम, रोजचा दंड किंवा दोन्ही. ग्रीसनं क्रीट बेटावरचा कचरा डेपो हटवला नाही. पहिला निकाल १९९२ चा, रोज २०,००० युरोंचा दंड लागला २००० साली! निर्देशाप्रमाणं (निर्देश म्हणजे प्रत्येक देशानं मुदतीत आपल्या कायद्यात उतरवायचा युनियनचा नियम) देशात कायदा केल्याचं कळवलंच नाही, तर मात्र २६०(३) नं पहिल्याच फेरीत दंड मागता येतो.

उसाचा_हिशेब (कागल):
वसुली कारखान्यासारखी होते बघा. ऊसबिलातून सोसायटीचं कर्ज परस्पर कापतात, तसा आयोग त्या देशाला द्यायच्या निधीतून दंड वळता करतो. पोलंडमधल्या तुरुव कोळसा खाणीवरून चेक प्रजासत्ताकानं पोलंडवर दावा लावला होता (एका देशानं दुसऱ्यावर, कलम २५९). न्यायालयाचा अंतरिम आदेश मोडला म्हणून सप्टेंबर २०२१ पासून रोज ५ लाख युरो. पोलंडनं भरले नाहीत, आयोगानं कापले. २०२२ मध्ये दोघांची तडजोड झाली, तरी आधीची कपात रद्द करायला युनियनच्या सर्वसाधारण न्यायालयानं २०२४ मध्ये नकार दिला. हंगेरीला आश्रय मागणाऱ्या निर्वासितांच्या प्रकरणात जून २०२४ मध्ये २० कोटी युरो ठोक आणि वर रोज १० लाख. तिथंही कपातच.

टाकाळा_टिपणं:
नुसतं आयोगाकडं बघू नका. रोजचं काम त्या त्या देशातली साधी न्यायालयंच करतात. लक्झेंबर्गच्या न्यायालयाच्या १९६४ च्या कोस्टा निकालापासून युनियनचा कायदा देशी कायद्यावर वरचढ आहे. अर्थ लावताना अडलं की न्यायाधीश कलम २६७ नं लक्झेंबर्गला प्रश्न पाठवतो. त्याच न्यायालयाचा फ्रांकोविच निकाल (१९९१) जरूर वाचा: निर्देश वेळेत न उतरवल्यानं नागरिकाचं नुकसान झालं, तर सरकारकडून भरपाई मागता येते.

लॉ_तिसरं_वर्ष:
आयोगाकडं तक्रार कोण करू शकतं?

शाहूपुरी_वकील:
कुणीही, फुकट. स्वतःचं नुकसान दाखवावं लागत नाही. पण प्रकरण पुढं न्यायचं की नाही हे आयोग ठरवतो, आणि जिंकला तरी तक्रारदाराच्या हातात पैसे पडत नाहीत. भरपाई हवी असेल तर त्या देशाच्याच न्यायालयात जावं लागतं.