चित्रतार: मान बेनचा की कासेल्लीचा?

कातळ: काल इथे कुणीतरी ठासून लिहिलं, "तारेवरून चित्र पाठवण्याचं पेटंट अलेक्झांडर बेनने १८४३ मध्ये घेतलं, पुढचे सगळे नकलाकार." वाचून राहवलं नाही. बेनचं यंत्र रोजच्या वापरात कधी आलं? इटलीच्या कासेल्लीचं पँटेलिग्राफ, म्हणजे तारेवरून अक्षर-चित्र पाठवणारं यंत्र, १८६५ मध्ये पॅरिस-लियाँ तारेवर पैसे घेऊन चालत होतं. धातूच्या पत्र्यावर वीज न वाहणाऱ्या शाईने लिहायचं. सुई ओळीओळीने त्यावरून फिरायची आणि पलीकडे रसायनात भिजवलेल्या कागदावर निळं अक्षर उमटायचं. सुया फिरवणारे दोन्हीकडचे लंबक एका ठेक्यात ठेवणं ही खरी मेख, आणि ती कासेल्लीने साधली.

घड्याळजी: ते मीच लिहिलं होतं. लंबकांची कल्पना कुणाची? बेन हाडाचा घड्याळजी, १८४१ चं विजेच्या घड्याळाचं पेटंटही त्याचंच. पाया एकाने घालायचा आणि पाटी दुसऱ्याची लावायची?

कातळ: पायात कुणी राहत नाही.

सेलेनियम: दोघेही अक्षरं आणि रेघाच पाठवत होते. फोटोतल्या करड्या छटा सेलेनियमच्या (उजेड पडेल तशी वीज कमी-जास्त वाहू देणारा पदार्थ) जोरावर तारेवरून नेल्या जर्मन शास्त्रज्ञ आर्थर कॉर्नने. १९०७ मध्ये म्युनिक-बर्लिन सेवा सुरू झाली. पुढे ज्यू म्हणून त्याला जर्मनी सोडावी लागली. त्याचं नाव कुणीच घेत नाही, याचा मला संताप येतो.

खातेदार: कासेल्लीच्या यंत्रावरून बँकांच्या सह्या पडताळणीला जायच्या. दीडशे वर्षांपूर्वी! आणि आज माझ्या आईचा हात थरथरतो म्हणून तिचा चेक दोनदा परत येतो. समोर उभी असलेली बाई दिसत नाही का यांना?

काउंटरवाला: नोकरीभर सह्या तपासल्या आहेत मी. खोटी सही पास झाली म्हणून माझा शेजारी निलंबित झाला. तुमच्या आईच्या खात्यातून पैसे गेले असते तर शिव्या कुणाला घातल्या असत्या?

खातेदार: नियमात अंगठा चालतो. ते आधीच सांगायला काय होतं?

काउंटरवाला: सांगायला हवं होतं, ठीक आहे. पण दर वेळी कारकुनालाच धरू नका.

घड्याळजी: धागा बेनचा आहे, बँकेचा नाही!

खातेदार: सही हुबेहूब पोचावी म्हणूनच लोक त्या यंत्राला पैसे मोजत होते. विषय सोडलेला नाही मी.

घड्याळजी: बरं, चालवून दाखवलं कासेल्लीने, एवढं मान्य. 'नकलाकार' मागे घेतो. पहिला मान मात्र बेनचाच.

सेलेनियम: आणि कॉर्न?