घर उबदार ठेवण्याचा खर्च : सरकारची जबाबदारी नेमकी कुठपर्यंत?

टेकडीवरची (कोथरूड)

मुलीच्या बाळंतपणासाठी २०२४ च्या नोव्हेंबरपासून चार महिने मी इंग्लंडमध्ये लीड्स येथे होते. तिच्या शेजारी सत्तरीच्या एक बाई एकट्या राहत. पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेले तेव्हा त्यांनी दार उघडले ते अंगात कोट आणि गळ्यात मफलर घालून. मला वाटले, बाहेर निघाल्या असाव्यात; नंतर कळले की त्या घरात तशाच वावरतात. दिवसभर एकाच खोलीत बसायचे, मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी घ्यायची आणि हीटिंग संध्याकाळी सहा ते आठ एवढेच लावायचे. जिन्याखाली गॅसचा मीटर होता. कोपऱ्यावरच्या दुकानात कार्डावर दहा पौंड भरून आणायचे, ते कार्ड मीटरमध्ये घालायचे आणि पैसे संपले की बॉयलर थंड.

ब्रिटनमध्ये १९९७ पासून वृद्धांना हिवाळ्यातील इंधनासाठी सरकारकडून दरवर्षी ठरावीक रक्कम मिळत असे. अलीकडे ती घरटी दोनशे पौंड आणि ऐंशीच्या पुढील व्यक्ती असल्यास तीनशे पौंड होती. गरीब-श्रीमंत असा भेद त्यात नव्हता. जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ही मदत ‘पेन्शन क्रेडिट’ (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी पूरक रक्कम) किंवा तत्सम साहाय्य घेणाऱ्यांपुरती मर्यादित केली आणि सुमारे एक कोटी वृद्धांची ती बंद झाली. आमच्या शेजारीणबाईंना पूर्ण सरकारी पेन्शन होती, म्हणजे त्या वर्षी आठवड्याला २२१.२० पौंड. पेन्शन क्रेडिटसाठी एकट्या व्यक्तीची मर्यादा होती २१८.१५ पौंड. तीन पौंड जास्त मिळतात म्हणून त्यांचे दोनशे पौंड गेले. जून २०२५ मध्ये सरकारने माघार घेऊन वार्षिक ३५ हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ही मदत पुन्हा देण्याचे जाहीर केले. पण त्यांनी तो हिवाळा कोटातच काढला होता.

पुण्यात परतल्यावर टेकडीवरच्या आमच्या सकाळच्या कंपूत हा विषय निघाला, तेव्हा एका स्नेह्यांनी तो एका वाक्यात निकालात काढला : “थंडी वाजली तर स्वेटर घालावा, त्यात सरकार कशाला?” मला ते पटले नाही, पण उत्तरही देता आले नाही. अन्न, पाणी, औषध यांची जबाबदारी सरकारची आहे असे आपण मानतो. मग ऊब त्या यादीत येते की नाही? येत असेल, तर कोणत्या तत्त्वावर आणि कुठपर्यंत? भावनेपेक्षा विचाराने कोणी उत्तर दिल्यास आवडेल.

हिशेबनीस

आपल्या स्नेह्यांचे वाक्य उद्धट असले तरी त्यामागची शंका रास्त आहे, म्हणून तिची बाजू मांडतो. ऊब ही गरज आहे हे मान्य. परंतु गरज आहे म्हणून सरकारने तिचे बिल भरावे, हे आपोआप सिद्ध होत नाही. ब्रिटनचेच उदाहरण घ्या. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर गॅसचे भाव भडकले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथील नियामकाच्या सूत्रानुसार सर्वसाधारण घराचे वार्षिक वीज-गॅस बिल ३,५४९ पौंडांवर जाणार होते. सरकारने दर अशा पातळीवर गोठवले की ते २,५०० पौंडांच्या आसपास राहावे, आणि फरक स्वतः सोसला. शिवाय त्या हिवाळ्यात प्रत्येक घराला बिलात ४०० पौंडांची सूट दिली. म्हणजे ज्याच्या बंगल्यात पोहण्याचा तलाव तापवला जातो, त्याच्या प्रत्येक युनिटलाही सरकारी मदत मिळाली, आणि जो जास्त वापरतो त्याला जास्त. ही गरिबांची काळजी म्हणायची की गोंधळात काढलेली पळवाट?

माझ्या मते सरकारची खरी जबाबदारी बिलात नसून भिंतीत आहे. ब्रिटनमधील घरे युरोपातील सर्वांत जुन्या घरांपैकी आहेत. एकेरी विटांच्या भिंती आणि फटी पडलेल्या खिडक्यांमधून ऊब बाहेर जाते आणि तिच्याबरोबर मदतीचे पैसेही. दरवर्षी दोनशे पौंड देत राहण्यापेक्षा एकदा छपराखाली उष्णतारोधक थर घालून द्यावा. तो दिला की त्या घरापुरती जबाबदारी संपली.

पुण्याचे म्हणाल, तर येथे हा प्रश्न मुळातच नाही. दोन हजार वॅटचा हीटर रात्री आठ तास चालवला तर सोळा युनिट, महिन्याला ४८० युनिट. असे बिल येथे कोणी भरत नाही, कारण तसा हीटर येथे कोणाला लागत नाही.

जुना मीटरवाला

मी तीस वर्षे वीजवितरणाच्या कामात होतो, त्यामुळे मला प्रश्न दिसतो तो मीटरच्या बाजूने. हिशेबनीसांचे गणित बरोबर आहे, निष्कर्ष नाही. पुण्यात हिवाळ्याचा वाढीव खर्च खोली तापवण्याचा नसतो, आंघोळीच्या पाण्याचा असतो. वीस लिटरची एक बादली वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट वीज लागते. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे रोज सव्वादोन-अडीच युनिट, महिन्याला सत्तर. पंखा, दोन दिवे, टीव्ही एवढ्यावर ज्यांचे बिल शंभर युनिटांच्या आत राहते, त्यांचा हिवाळ्यात पहिला टप्पा ओलांडला जातो तो पाणी तापवण्याच्या रॉडमुळे.

पण मला सांगायचे आहे ते टप्प्यांविषयी. आपल्याकडे घरगुती विजेचे दर ०-१००, १०१-३००, ३०१-५०० असे चढत जातात. कमी वापरणाऱ्याला स्वस्त वीज मिळावी हा त्यामागचा हेतू. आता एक दहा खोल्यांची चाळ डोळ्यांसमोर आणा. महावितरणचा मीटर एकच, घरमालकाच्या नावावर. प्रत्येक खोलीच्या दारावर एक छोटा सबमीटर. प्रत्येक भाडेकरू महिन्याला ऐंशी युनिट वापरतो, म्हणजे स्वतंत्र मीटर असता तर दहाही कुटुंबे सर्वांत स्वस्त टप्प्यात बसली असती. मात्र मालकाच्या मीटरवर आठशे युनिट दिसतात. पहिले शंभर युनिट दहा जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला स्वस्त दराचे दहाच येतात, आणि बिलाचा मोठा भाग श्रीमंतांसाठी ठेवलेल्या दराने लागतो. मालक तो सरसकट दर लावून वसूल करतो, वर आपले काही ठेवतो ते वेगळेच. मदत कागदावर गरिबाच्या नावाने असते आणि पोहोचते ती ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्यापर्यंत. ब्रिटनमध्येही त्या ४०० पौंडांचे हेच झाले : इतरांच्या बिलातून रक्कम परस्पर वजा झाली, पण जुन्या प्रीपेड मीटरवाल्यांना व्हाउचर पाठवावी लागली आणि त्यांतील बरीच वटवलीच गेली नाहीत.

आणखी एक मुद्दा कार्डाच्या मीटरचा. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्या नोटिशीला मी स्वतः कित्येकदा कंटाळलो आहे, पण त्या पंधरा दिवसांत माणूस उसनवार करतो, हप्ते बांधून घेतो, नगरसेवकाला गाठतो. फ्रान्समध्ये तर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात राहत्या घराची वीज किंवा गॅस थकबाकीसाठी तोडता येत नाही. कार्डाच्या मीटरमध्ये नोटीस देणारा कोणी नसतोच. पैसे संपले की पुरवठा थांबतो, आणि तो कोणी तोडला नसल्यामुळे तोडलेल्या जोडण्यांच्या आकड्यांत त्याची नोंदही होत नाही. त्यातून, गॅस वापरला नाही तरी दिवसाचा स्थिर आकार चढतच राहतो. उन्हाळ्यात मीटरकडे न बघितलेल्या माणसाने हिवाळ्यात दहा पौंड भरले की त्यांतले काही आधी जुन्या थकबाकीत जातात. आपल्याकडे स्मार्ट प्रीपेड मीटरना विरोध झाला आणि २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना ते न बसवण्याची घोषणा राज्य सरकारने केली, तेव्हा अनेकांनी त्याला अडाणीपणा म्हटले होते. मी नाही म्हटले.

पर्वती पायथा

“पुण्यात हा प्रश्न मुळातच नाही” या वाक्याशी मी पूर्णपणे असहमत आहे. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्याचे किमान तापमान १.७ अंश नोंदले गेले होते. तो अपवाद सोडून देऊ; पण डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जाणे येथे नेहमीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये, थंडीच्या काळात घरातील तापमान किमान १८ अंश असावे, अशी शिफारस केली. माझे काम वस्त्यांमधील आरोग्यकेंद्रांशी निगडित आहे. पत्र्याच्या खोलीत पहाटे हात वर करून पत्र्याला लावून पाहावा. आतल्या बाजूने दवाचे थेंब हाताला लागतात. खोलीतल्या माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर पत्र्यावर धरते आणि पहाटे गोधडीवर ठिबकते. ओली गोधडी अंगावर घेऊन झोपलेल्या दम्याच्या म्हाताऱ्याला कोणत्या स्वेटरचा सल्ला द्यायचा?

पूर्वी वाड्यात बंब असे, त्यात चार ढलप्या टाकल्या की सगळ्यांच्या आंघोळी उरकत. वस्तीत आजही चुलीवर पाणी तापते, आणि कडाक्याच्या रात्री कोळशाची शेगडी घरात घेऊन दार-खिडकी लावून घेतली जाते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे डोके दुखू लागते तेव्हा माणसाला वाटते की थंडी बाधली, आणि तो आणखी पांघरूण ओढतो. २०२४ मधील अन्नपूर्णा योजनेतून वर्षाला तीन सिलिंडर मोफत मिळतात, हे चांगलेच आहे. पण त्यासाठी गॅसजोडणी घरातील स्त्रीच्या नावावर लागते. ज्या भाडेकरूकडे स्वतःच्या नावाचा कोणताच पत्ता नाही, त्याची गत मीटरवाल्यांनी सांगितलेल्या चाळीसारखीच होते.

तत्त्वाचा प्रश्न विचारला आहे, म्हणून सांगते. आपल्या न्यायालयांनी ऊब हा शब्द वापरला नसला तरी त्या दिशेने पाऊल टाकले आहे. १९९५ मध्ये चमेली सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि निवारा म्हणजे केवळ डोक्यावर छप्पर नव्हे असे स्पष्ट केले. २०१० च्या थंडीत दिल्लीत रात्रनिवारा पाडल्याचे प्रकरण त्याच न्यायालयासमोर आले, तेव्हा शहरांत लाख लोकसंख्येमागे एक चोवीस तासांचा निवारा हवा असा निकष पुढे आला. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महापालिकेच्या हद्दीत ३१ लाखांहून अधिक लोक होते. तुमच्या वॉर्डातील निवारा कुठे आहे, ते विचारून पाहा. मला स्वारगेटच्या पुलाखाली झोपणाऱ्यांनी विचारले होते आणि मी निरुत्तर झाले होते.

हिशेबनीस

पत्र्याचा मुद्दा मी मान्य करतो, कारण तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो : पैसे पत्र्यावर खर्च करा, बिलावर नको. परंतु गरजूंची निवड न करता मदत वाटावी, हे मला अजूनही पटत नाही. विद्युत अधिनियमाचे कलम ६५ सांगते की राज्य सरकारला कोणा वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल तर त्या सवलतीची रक्कम आगाऊ भरावी. हे पैसे कोणाच्या तरी खिशातून येतात, याची आठवण ठेवणारे इतके सरळ कलम मी दुसरे पाहिलेले नाही.

टेकडीवरची (कोथरूड)

सर्वांचे मनापासून आभार. हिशेबनीस, निवड करण्याला माझाही विरोध नव्हता, तो लीड्समध्ये तयार झाला. जुलै २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारच्याच अंदाजानुसार पेन्शन क्रेडिटला पात्र असूनही ते न घेणारी सुमारे ८ लाख ८० हजारांपर्यंत कुटुंबे होती. त्यांचे इंधनाचे पैसेही गेले, कारण एका मदतीची चावी दुसऱ्या मदतीच्या अर्जात ठेवली होती. आणि तो अर्ज मी पाहिला आहे. आमच्या शेजारीणबाई अपात्र आहेत हे ठाऊक असूनही मुलीने त्यांच्यासाठी तो भरून पाहिला. दोनशेच्या वर प्रश्न असलेला तो अर्ज भरता भरता आमची एक आख्खी दुपार गेली. त्यामुळे तीन पौंडांची रेघ ओढण्यापेक्षा एखाद्या श्रीमंताला दोनशे पौंड गेलेले मला परवडतील. भिंतींविषयी मात्र मी आपल्या बाजूची झाले आहे, फक्त भिंत होईपर्यंतचे हिवाळे कसे काढायचे, हे कोणीतरी सांगितले पाहिजे.

मीटरवाल्यांना एक घरगुती प्रश्न. आमच्या सोसायटीचे रात्रपाळीचे वॉचमन काका फाटकाशी शेकोटी करतात. त्यात वाळक्या फांद्यांबरोबर प्लॅस्टिकही जाते. उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी आहे आणि हरित लवादाने २०१६ मध्ये त्यासाठी पाच हजार रुपये दंड ठरवला आहे, म्हणून कमिटीने त्यांना ताकीद दिली. ताकीद योग्यच होती, पण तिच्यानंतर काय, हे कोणी बोलले नाही. दिल्लीत हवा बिघडली की रहिवासी संघांनी पहारेकऱ्यांना विजेचे हीटर द्यावेत, असे प्रदूषण नियंत्रणाच्या आराखड्यातच लिहिलेले आहे. आम्ही केबिनमध्ये हीटर लावला तर सोसायटीच्या सामाईक मीटरवर व्यावसायिक दर लागेल का? रविवारी कमिटीची बैठक आहे आणि खजिनदारांचा पहिला प्रश्न हाच असणार.

जुना मीटरवाला

लागणार नाही. निवासी सोसायटीचे जिने, पंप, लिफ्ट यांची सामाईक जोडणी घरगुती दरातच मोडते. केबिन लहान असेल तर आठशे वॅटचा हीटर पुरे; रात्री बारा ते सहा चालवला तर रोज ४.८ युनिट, महिन्याला १४४. केबिनच्या खिडकीला वरच्या बाजूने चार बोटे फट ठेवा आणि हीटरला जुनी एक्स्टेन्शन वायर वापरू नका, १५ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढून घ्या. आपल्याकडे सदनिका किती?

टेकडीवरची (कोथरूड)

अठ्ठेचाळीस.

जुना मीटरवाला

मग खजिनदारांना सांगा, घरटी महिन्याला तीन युनिट.