दोन टनांचे दोन पट्टे आणि तीन टनांचा गिअरबॉक्स: हिशेब कुठे चुकला?

प्रश्न: देखभाल विभागातील पर्यवेक्षक

नमस्कार. मी एका कारखान्याच्या देखभाल विभागात पर्यवेक्षक म्हणून काम करतो. मागच्या आठवड्यात आमच्याकडे जे घडले ते सविस्तर लिहितो, कारण त्यात कोणाला इजा झाली नसली तरी तेव्हापासून माझे मन स्वस्थ नाही.

दुरुस्तीसाठी एक गिअरबॉक्स पायावरून उचलून बाहेर काढायचा होता. त्याच्या पाटीवर २,९०० किलो वजन नोंदलेले आहे. वरची क्रेन ५ टनांची असल्यामुळे तिच्याविषयी शंका नव्हती. आमच्याकडे पॉलिस्टरचे दोन हिरवे पट्टे होते, प्रत्येकी २ टन क्षमतेचे. दोन्ही मिळून ४ टन होतात, म्हणजे ११०० किलोंची सवड उरते, असा हिशेब करून परवानगी मीच दिली. गिअरबॉक्सच्या वरच्या झाकणावर दोन आयबोल्ट (डोक्याशी गोल कडी असलेले बोल्ट) आहेत आणि त्यांच्यामधले अंतर १.६ मीटर आहे. छत बुटके असल्यामुळे आम्ही पट्टे आखूड घेतले. हूकपासून आयबोल्टपर्यंत प्रत्येक पट्टा साधारण १ मीटर भरला.

बोजा वीतभर उचलला गेला असेल-नसेल, तोच पट्टे करकरू लागले आणि एक आयबोल्ट आतल्या बाजूला कलल्याचे आमच्या खलाशाच्या (बोजा बांधून खुणा करणाऱ्या कामगाराच्या) लक्षात आले. त्याने थांबण्याची खूण केली आणि ऑपरेटरने बोजा संथपणे पुन्हा पायावर टेकवला. नंतर पाहिले तर एक पट्टा झाकणाच्या कडेवर घासला जाऊन त्याची किनार बोटाच्या पेराएवढी कापली गेली होती.

४ टनांच्या पट्ट्यांना ३ टनांपेक्षा कमी वजन का झेपू नये, हे मला समजून घ्यायचे आहे. कापलेला पट्टा शिवून हलक्या कामाला वापरावा असे काही सहकारी म्हणतात. ते योग्य आहे का? आणि गिअरबॉक्स अजून तिथेच आहे, तो आता कसा काढावा?

उत्तर: यांत्रिक अभियंता

आपण घटना न लपवता मांडलीत, यासाठी मनापासून आभार. आपल्या खलाशाने त्या क्षणी खूण केली नसती तर हा प्रश्न फार वेगळ्या शब्दांत लिहावा लागला असता.

पट्ट्यावर लिहिलेले २ टन हे तो पट्टा सरळ उभा लोंबत असतानाचे असतात. पट्टा तिरका झाला की त्याला बोज्याचे वजन तर पेलावे लागतेच, शिवाय दुसऱ्या पट्ट्याला आपल्याकडे ओढून धरण्याचे कामही करावे लागते, आणि हे दुसरे काम आपल्या बेरजेत कुठेच आलेले नाही. आपले आकडे घेऊनच पाहू. आयबोल्टांमधले अंतर १.६ मीटर, म्हणजे अर्धे ०.८ मीटर, पट्टा १ मीटर, तेव्हा हूक आयबोल्टांच्या वर फक्त ०.६ मीटर उंचीवर होता. प्रत्येक पट्ट्याच्या वाट्याला निम्मे वजन, १,४५० किलो. या आकड्याला पट्ट्याच्या लांबीने गुणून उंचीने भागले की ताण मिळतो: १,४५० × १ ÷ ०.६, म्हणजे सुमारे २,४१७ किलो. २ टनांच्या प्रत्येक पट्ट्यावर जवळपास २.४ टन ताण होता.

हेच पट्टे २ मीटर लांबीचे असते तर हूक सुमारे १.८३ मीटर उंचीवर राहिला असता आणि ताण १,५८० किलोंच्या आसपास आला असता. पट्टा आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असेल तर दोन पट्ट्यांपैकी प्रत्येकावर एकूण वजनाच्या ०.५८ पट ताण येतो, ४५ अंशांना ०.७१ पट आणि ३० अंशांना पूर्ण वजनाइतका. ३० अंशांवर दोन पट्टे लावूनही प्रत्येक पट्टा जणू एकट्यानेच सगळा बोजा पेलत असतो. म्हणून ६० अंशांच्या खाली शक्यतो जाऊ नये. कोनमापक हाताशी नसेल तर सोपी खूण अशी: आयबोल्टांमधले अंतर आणि पट्ट्याची लांबी सारखी असेल, म्हणजे तिन्ही बाजू समान दिसत असतील, तर कोन ६० अंशांचा असतो, पट्टा त्याहून आखूड दिसला की थांबावे.

मला मात्र पट्ट्यांहून अधिक काळजी आयबोल्टांची वाटते. त्या २.४ टनांतला आडवा वाटा सुमारे १.९ टन होता, आणि तेवढा जोर दोन्ही आयबोल्टांना एकमेकांकडे वाकवत होता. आयबोल्ट मुळात सरळ वर ओढण्यासाठी असतो. गळपट्टी (कडीच्या बुडाशी रुंद कडा) असलेला चांगला आयबोल्टही ४५ अंश तिरक्या ओढीला आपल्या उभ्या क्षमतेच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि त्याहून जास्त तिरके ओढणे वर्ज्यच मानतात. ते दोन्ही आयबोल्ट पुन्हा वापरू नका. आणखी एक गोष्ट तपासा: झाकणावरचे आयबोल्ट पुष्कळदा फक्त झाकण उचलण्यासाठी दिलेले असतात, पूर्ण गिअरबॉक्ससाठी नव्हे. हे उत्पादकाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते.

उत्तर: उत्पादन विभागातील एक वाचक

हिशेब पटला, परंतु एक शंका आहे. पॉलिस्टरच्या पट्ट्याला सामान्यतः सातपट सुरक्षा गुणांक असतो असे प्रशिक्षणात सांगितले होते, म्हणजे २ टनांचा पट्टा तुटायला १४ टन लागायला हवेत. मग २.४ टनांना एवढे घाबरण्याचे कारण काय?

उत्तर: सुरक्षा अधिकारी

ही शंका अनेकांच्या मनात असते आणि बरेच अपघात तिच्याच पोटी होतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सातपट हा आकडा नव्या, कोरड्या, न कापलेल्या आणि सरळ ओढलेल्या पट्ट्याचा आहे. साखळीला हा गुणांक सामान्यतः चारपट आणि वायर रोपला पाचपट धरतात. पट्ट्याला तो जास्त ठेवला, कारण पट्टा लवकर झिजतो, उन्हाने कमकुवत होतो आणि कडेवर कापला जातो. म्हणजे ती सवड आधीच खर्ची पडलेली असते. त्यातच झटका येतो. ढिल्या पट्ट्यावर बोजा एकदम आला तर ताण संथपणे उचललेल्या बोज्याच्या किमान दुप्पट होतो, आणि पट्टा ढिला असताना हूक वेगाने वर घेतला असेल तर त्याहूनही अधिक. शिवाय सातपट सवड पट्ट्याला आहे, आयबोल्टला नाही. साखळीची जी कडी सगळ्यांत कच्ची, तिच्यावरच सगळी साखळी अवलंबून असते.

आता कापलेल्या पट्ट्याविषयी. तो शिवू नये, त्याला गाठ मारू नये, हलक्या कामाला ठेवू नये. पट्ट्याची ताकद त्याच्या रुंदीभर पसरलेल्या उभ्या धाग्यांत असते. किनारीचे धागे तुटले की ताण शेजारच्या धाग्यांवर एकवटतो आणि चीर तिथूनच पुढे सरकते. गाठ मारल्याने तर ताकद जवळपास निम्मी होते. असा पट्टा बाजूला टाकून देणेही पुरेसे नाही, कारण दुसऱ्या पाळीतला एखादा माणूस घाईत तोच उचलतो. त्याचे दोन तुकडे करा आणि मगच टाका. आमच्या विभागात आम्ही पट्ट्यावर शिवलेली क्षमतेची चिठ्ठी कापून नोंदवहीत चिकटवतो. तो पट्टा गेला याचा पुरावा त्यामुळे कायम राहतो.

कड धारदार आहे की नाही हे बोटाने चाचपून ठरवू नये. कडेच्या गोलाईची त्रिज्या पट्ट्याच्या जाडीपेक्षा कमी असेल तर ती कड पट्ट्यासाठी धारदारच समजावी. यंत्राच्या झाकणाची घडीव कड हाताला गुळगुळीत लागते, पण ताणाखाली पट्टा तिच्यावरून दोन-चार मिलिमीटर सरकला की ती सुरीसारखे काम करते. मध्ये पोते किंवा जुना पुठ्ठा घालण्याचा काही उपयोग नाही. त्यासाठी मिळणारे जाड संरक्षक किंवा कोपऱ्यावर बसणारे तुकडे वापरावेत.

हिरवा रंग २ टनांचा, जांभळा १ टनाचा, पिवळा ३ टनांचा ही पद्धत बहुतेक उत्पादक पाळतात, तरी विश्वास रंगावर न ठेवता चिठ्ठीवर ठेवावा. चिठ्ठी फाटली किंवा पुसली गेली की पट्टा धडधाकट दिसत असला तरी वापरातून काढावा. चिठ्ठीचा रंग धाग्याची जात सांगतो: निळी पॉलिस्टरची, हिरवी नायलॉनची. अल्कलीजवळ पॉलिस्टर नको आणि आम्लाजवळ नायलॉन नको.

उत्तर: क्रेन ऑपरेटर

वरील सर्वांनी गणित समजावले आहे. मी वर्षानुवर्षे पेंडंट (क्रेन चालवण्याची लोंबती बटणपेटी) हातात धरलेला माणूस आहे, म्हणून जमिनीवर काय दिसते ते लिहितो.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका ठिकाणी आम्ही पंपाचा बोजा उचलत होतो. पट्टा जागेवरून घसरू नये म्हणून एका मदतनिसाने तो बोज्याशी तळव्याने दाबून धरला होता. मी हूक अगदी थोडा वर घेतला, पट्टा ताणला गेला आणि त्याची दोन बोटे पट्टा आणि लोखंड यांच्यामध्ये सापडली. ओरडणे ऐकून मी बटण सोडले, परंतु बटण सोडल्याने ताण जात नाही. हूक खाली घ्यावा लागतो. घाबरलेल्या अवस्थेत खालचे बटण शोधण्यात गेलेले ते दोन सेकंद मी आजही विसरलेलो नाही. तेव्हापासून पट्टा ताणताना सगळ्यांचे हात मला मोकळे दिसल्याशिवाय मी बटण दाबत नाही. पट्टा धरायचाच असेल तर काठीने किंवा आकडीने धरावा.

दुसरी गोष्ट चाचणी उचलीची. बोजा १० सेंटीमीटर उचलावा आणि तिथेच थांबावे. या वेळात ब्रेक धरतो का, बोजा कलतो का, पट्टा सरकतो का हे सगळे दिसते. बोजा कलला तर हूक गुरुत्वमध्याच्या बरोबर वर नाही असे समजावे आणि खाली घेऊन पट्टे पुन्हा लावावेत. वर लटकलेला बोजा हाताने दाबून सरळ करू नये. पायाचा एखादा बोल्ट राहून गेला असेल तर तोही इथेच कळतो. मात्र बोजा सुटत नाही म्हणून ऑपरेटर जोर वाढवत राहिला तर क्रेनला गिअरबॉक्सचे नव्हे तर पायाचे वजन ओढावे लागते, आणि बोल्ट तुटताच सगळा बोजा उसळतो.

बोजा हूकच्या बाजूला असेल तर तिरका ओढून आणण्याचा मोह होतो. तसे केल्यास बोजा जमीन सोडताच लोलकासारखा झोका घेतो आणि दोर ड्रमच्या खाचेतून निघतो. हूक फार वर गेला की क्रेन थांबवणारा वरचा लिमिट स्विच रोजच्या थांबण्यासाठी नसतो, तो शेवटचा आधार असतो. खुणा एकाच माणसाने कराव्यात, परंतु थांबण्याची खूण कोणीही केली तरी ऑपरेटरने थांबलेच पाहिजे. आपल्या खलाशाने ती केली आणि आपल्या ऑपरेटरने ती मानली. दोघांनाही माझा नमस्कार सांगा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. पुस्तिका शोधली. झाकणावरचे आयबोल्ट फक्त झाकणासाठीच आहेत, आणि खालच्या कवचाला ओतीव चार कान दिलेले आहेत, त्यांचा विचार आम्ही केलाच नव्हता. कापलेल्या पट्ट्याचे माझ्या समोर तुकडे केले आणि दोन्ही आयबोल्ट भंगारात टाकले. खलाशाला आणि ऑपरेटरला मी सगळ्यांसमोर धन्यवाद दिले.

छत बुटके असल्यामुळे आता मध्यभागी एकच कडी असलेला १.६ मीटरचा लिफ्टिंग बीम (टोकांना पट्टे अडकवण्याची आडवी लोखंडी तुळई) घेत आहोत. त्याचे वजन १५० किलो आहे आणि त्याची तपासणी सक्षम व्यक्तीकडून झालेली आहे. बीमच्या प्रत्येक टोकापासून दोन पट्टे दोन कानांना जातील. कानांमधले आडवे अंतर ६० सेंटीमीटर आणि पट्टे १ मीटरचे आहेत. चारही पट्टे नवे, २ टनांचे आहेत. चार पट्टे आहेत म्हणून ८ टन धरायचे नाहीत, एवढे आता कळले. मग किती धरावेत?

उत्तर: यांत्रिक अभियंता

गिअरबॉक्स ताठ असतो, त्यामुळे चार पट्ट्यांत वजन समान कधीच वाटले जात नाही. लांबीत थोडा फरक असला तरी समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पट्टे सगळा बोजा घेतात आणि उरलेले दोन नुसते तोल सांभाळतात. म्हणून दोनच पट्टे धरून हिशेब करा.

आधी एक विचारतो: आतले तेल काढले आहे का? पाटीवरचे वजन बहुधा तेलाविना असते. १२० लिटर तेल असेल तर सुमारे १०८ किलो वाढतात, म्हणजे बोजा ३,००८ किलो. दोन पट्ट्यांत प्रत्येकी १,५०४ किलो, आणि तिरकेपणा धरून सुमारे १,५७७ किलो. पट्टा २,००० किलोंचा आहे, म्हणजे वाईटात वाईट वाटणी झाली तरी हिशेब बसतो. क्रेनच्या हूकवर बीमसह ३,१५८ किलो येतील, तेही ५ टनांच्या आत आहेत. तरीही तेल काढूनच उचला, कारण बोजा कलला की तेल एका बाजूला जाते आणि गुरुत्वमध्य त्याच्याबरोबर सरकतो.

पट्टे कवचाच्या बाजूने वर येताना झाकणाच्या त्याच कडेला टेकत नाहीत ना, हे ढिल्या अवस्थेतच पाहून घ्या. १० सेंटीमीटरवर थांबल्यावर चारही पट्टे काठीने हलकेच दाबून पाहा. एखादा अगदीच ढिला लागला तर बोजा खाली घ्या आणि तो पट्टा शॅकलने (पिनने बंद होणाऱ्या लोखंडी कडीने) जुळवून पुन्हा उचला.