पुस्तकातून दिसलेलं गाव, रान, गड : तुमचे अनुभव लिहा

पेणची_सावली
गेल्या आठवड्यात पेणहून आत जाताना वरसईची पाटी दिसली आणि आजोबा आठवले. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचे. या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज, मथुरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढ्या आशेवर निघाले आणि सापडले १८५७ च्या धामधुमीत! झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहराच्या आत. लुटले गेले, तरी गंगेची कावड खांद्यावरून घरी आणली. लढाईइतकीच त्यांना जेवणाची आणि मुक्कामाची काळजी आहे, म्हणून मला ते पुस्तक इतकं खरं वाटतं.
तुम्हाला कुठल्या पुस्तकाने एखादी जागा अशी दाखवली? नुसती यादी नको, काय वाटलं ते लिहा.

माचीकर
बुधा! दुसरं कोण? गोनीदांचं (गो. नी. दांडेकर) 'माचीवरला बुधा' वाचून राजमाचीला गेलो आणि तिथल्या श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर न चढता माचीवरच्या उधेवाडी गावाबाहेर नुसता बसून राहिलो. मित्र जाम वैतागले. मुंबई सोडून एक माणूस माचीवर एकटा राहतो, सोबतीला टिप्या कुत्रा. तसं घडत काहीच नाही, पण पुस्तक खाली ठेवत नाही. गोनीदा आयुष्यभर गड फिरले म्हणून हे जमलं. एका फेरीत उरकलेलं लिखाण दोन पानांत कळतं.

कुकरची_शिट्टी
टिप्या माझा लाडका. भात लावलाय, येते परत.

गोंदियावाला
मारुती चितमपल्ली. आमचं नवेगावबांधचं रान जगाला त्यांनी दाखवलं. वनखात्यातली नोकरी, त्यामुळे तिथे राहून लिहिलंय. माधवराव पाटलांसारख्या जाणत्या माणसाकडून शिकले आणि तसं नाव घेऊन सांगितलं, हे मला फार मोठं वाटतं. आमच्याकडे धानाच्या बांध्यांत सारस अजून दिसतात. थोडेच, पण दिसतात. या कधी.

शंकेखोर
चितमपल्ली मलाही आवडतात, पण पाहिलेलं कुठे संपलं आणि ऐकलेलं कुठे सुरू झालं ते कळत नाही. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' त्या बाबतीत स्वच्छ. डोळ्यांसमोर आलं तेवढंच.

गोंदियावाला
@शंकेखोर, गोंडांनी, माडियांनी सांगितलेलं तेही रानाचंच ज्ञान आहे ना भाऊ? त्यांनी नसतं लिहून ठेवलं तर कोण लिहिणार होतं?

शंकेखोर
लिहावंच. वेगळं दाखवावं एवढंच म्हणणं आहे. सारस बघायला मात्र नक्की येणार.

धुळ्याची_लेक
आईकडे दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' होतं. महिना लागला की त्या महिन्याचं प्रकरण काढून बसायची. आता आई नाही, पुस्तक माझ्याकडे शारजात आहे. इथे कसला आलाय श्रावण, तरी वाचते. रानात जायला न मिळणाऱ्या माणसाला दारातलं झाड बघायला शिकवणारं पुस्तक आहे ते. मुलगा उठला, बाकीचं नंतर.

कुकरची_शिट्टी
@धुळ्याची_लेक, वाचत राहा गं.

गिरगावकर
गोविंद नारायण माडगांवकर, 'मुंबईचे वर्णन', १८६३. बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू होऊन दहाच वर्षं झालेली, शहर डोळ्यांदेखत वाढतंय, आणि ते सगळं टिपून ठेवावं असं या माणसाला वाटलं! मी रोज धोबीतलावावरून जातो. तलाव केव्हाच बुजला, नाव राहिलं. शहर समजायला असं पुस्तक लागतं. शाळेत निदान एक उतारा तरी लावा हो.

आनंदयात्री_सातारा
राजमाचीला आता पावसात गाडी जाईल का?

माचीकर
चिखल असतो, लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे चालतच जा. कर्जतहून कोंदिवडे, कोंढाणे लेणी अशीही वाट आहे, चढ दमवतो पण लेणी बघायला मिळतात. उधेवाडीत जेवणाचं आधी सांगून ठेवा.

माळकऱ्यांची_सून
इरावतीबाई कर्व्यांचा 'वाटचाल' हा लेख, 'परिपूर्ती'मधला. वारीचं कौतुक सगळेच लिहितात. बाई स्वतः चालल्या, प्रेमाने चालल्या, आणि एकाच दिंडीत जातीप्रमाणे वेगळी जेवणं होतात याचं दुःख त्यांनी लपवलं नाही. सासऱ्यांना वाचून दाखवला. चिडतील असं वाटलं होतं. म्हणाले, खरं आहे, आम्हीही पाहिलंय. मग तासभर जुन्या वाऱ्यांबद्दल बोलत बसले, दळण राहिलं ते राहिलंच.

कुकरची_शिट्टी
आले. किल्ल्यांच्या हल्लीच्या कितीतरी पुस्तकांचा मला राग येतो. एकातलं दुसऱ्यात उतरवलेलं. 'टाके आहे' म्हणून सोडून देतात. पाणी पिण्याजोगं आहे का, कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, ते कोण सांगणार? लेकरं घेऊन चढतो आम्ही! त्यापेक्षा इंग्रजांच्या काळातली जुनी गॅझेटियरं, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याच्या माहितीची सरकारी पुस्तकं बघा. साहेबाने राज्य चालवायला लिहिली, पण बंदरं, पिकं, बाजार सगळं आहे त्यात.

पेणची_सावली
अगदी! आमच्या मिठागरांसाठी मी कुलाबा जिल्ह्याचं (आताचा रायगड) १८८३ चं गॅझेटियर चाळलंय. सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात, जरूर बघा.

गिरगावकर
सावलीताई, गोडसे भटजींची कुठली आवृत्ती घेऊ?

पेणची_सावली
१९०७ ला चिंतामणराव वैद्यांनी भाषेवर हात फिरवून छापली होती. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ ला मूळ हस्तलिखितावरून काढली. दादा, मूळचीच शोधा. भटजींचं बोलणं त्यातच आहे.