'शाश्वत' नगरविकास म्हणायचं की दुसरं काही?

चारकोपवासी :
आमच्या भागातल्या सोसायट्या मिळून खाडीकाठच्या कचऱ्याबद्दल दोन पानी पत्रक काढतोय. मजकूर इंग्रजीत आला, मराठी करायचं काम माझ्याकडे. पहिल्याच वाक्यात 'सस्टेनेबल अर्बन डेव्हलपमेंट'. मी सवयीनं 'शाश्वत नगरविकास' लिहून पुढे गेलो. कच्चा मजकूर खालच्या मजल्यावरच्या काकांना वाचायला दिला. आयुष्यभर कीर्तनं ऐकलेला माणूस. म्हणाले, "अरे, देह अशाश्वत, धन अशाश्वत, आणि इमारती तेवढ्या शाश्वत? आपली तर तिशी उलटताच पुनर्विकासाला निघाली." मला उत्तर देता आलं नाही. सरकारी कागदांत सगळीकडे शाश्वतच आहे हे ठाऊक आहे, पण वाचणाऱ्याला त्यातून नेमकं काय कळतं? दुसरा शब्द सुचवा. शनिवारी छपाई आहे.

परळची_भाषांतरकार :
काकांचं बरोबर आहे. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालात या कल्पनेचा अर्थ साधा आहे : आजच्या गरजा अशा भागवा, की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या भागवता येतील. यात 'कायम' कुठेच नाही, मर्यादा आहे. 'शाश्वत' म्हटलं की ती मर्यादाच गळून पडते आणि विकास कधी थांबणारच नाही असा अर्थ निघतो. म्हणजे नेमका उलटा. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांची सतरा ध्येयं ठरली, ती मराठीत 'शाश्वत विकास ध्येये' म्हणून आली. त्यातलं अकरावं शहरांचं. तिथून शब्द पक्का झाला. हिंदीनं 'सतत' घेतला, तो मला आणखी घातक वाटतो.
माझी पसंती 'धारणक्षम'. त्या इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळात 'खालून धरून ठेवणं' आहे, आपल्याकडे धृ धातू आहेच. मृदसंधारण, जलसंधारण हे शब्द शेतकऱ्यांच्या बोलण्यात रुळले, मग हा का रुळणार नाही?

जुना_गिरगावकर :
धारणक्षम वाचून मला जमीनधारणा आणि सातबारा आठवतो. राहवत नाही म्हणून शाश्वतची बाजू घेतो. आपण रोजच्या बोलण्यात 'शाश्वती' वापरतो की नाही? पावसाची शाश्वती नाही, नोकरीची शाश्वती नाही. तिथे अमरत्वाचा काय संबंध? शाश्वती म्हणजे भरवसा.
२६ जुलै २००५ ला कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला, सांताक्रूझला ९४४. आम्हाला गिरगावात बराच वेळ काही पत्ताच नव्हता. माझा धाकटा भाऊ कलिन्यात दुसऱ्याच्या माळ्यावर अडकला होता, फोन बंद. आई खिडकीत बसून रात्रभर एकच वाक्य म्हणत होती, "कशाची म्हणून शाश्वती राहिली नाही." त्या दिवसापासून माझ्यासाठी शाश्वत शहर म्हणजे ज्याचा भरवसा धरता येतो असं शहर. संस्कृतातला अर्थ काहीही असो.

टिळकनगर_७ :
'टिकाऊ' का नको? चार वर्षांच्या पोरालाही कळतो.

परळची_भाषांतरकार :
टिकाऊ चपला असतात, पातेलं असतं. 'टिकाऊ विकास' म्हटलं की सिमेंटचा रस्ता डोळ्यांपुढे येतो. पाणी मुरू न देणारा.
गिरगावकर, आईंचं वाक्य मनाला भिडलं. पण शाश्वती आणि शाश्वत हे मराठीत आता वेगळे संसार थाटून बसलेत. एकाचा अर्थ दुसऱ्याला उसना देता येणार नाही.

साधी_मराठी :
तुम्ही सगळे नामाच्या आणि विशेषणाच्या मागे लागलात. मराठीचं बळ क्रियापदात आहे. 'जमिनीला पेलवेल, खाडीला सोसवेल अशी शहराची वाढ.' झालं! सोसवणं, झेपणं, पेलवणं ही घरातली क्रियापदं आहेत. आजारी माणसाला सोसवेल तेवढंच वाढतो आपण. मर्यादा आपोआप आली. शब्द घडवत बसण्याची गरजच काय?

परळची_भाषांतरकार :
पत्रकाला उत्तम. पण मथळ्याला, निविदेला, खात्याच्या पाटीला? तिथे एकच शब्द लागतो. 'महापौर' हाही कोणीतरी घडवलेलाच शब्द आहे, आज तो कुणाला खटकतो? घडवलेल्या शब्दाला लगेच कृत्रिम म्हणून हाकलू नका.

टिळकनगर_७ :
अवांतर : पालिकेनं २०२२ च्या मार्चमध्ये आराखडा काढला, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठेवणारा, त्याला 'वातावरण कृती आराखडा' म्हटलंय. वर्तमानपत्रं 'हवामान' लिहितात. मला वातावरण पटतं. हवामान खातं उद्याचा पाऊस सांगतं, पन्नास वर्षांत बदलणाऱ्या गोष्टीला तोच शब्द कसा वापरायचा?

गोराईकर :
चारकोपवासी, पत्रकात खाडीतल्या झाडांना काय म्हटलंय?

चारकोपवासी :
एकदा 'कांदळवन', एकदा 'खारफुटी'. एकच शब्द ठेवायला हवा, खरं आहे. पण शाश्वतचं काय करू ते सांगा ना कुणीतरी.

गोराईकर :
आमच्या कोळीवाड्यात हे दोन्ही शब्द कुणी बोलत नाही. आम्ही तिवर म्हणतो. कांदळ हे वेगळं झाड, चिपी वेगळं. आजी चुलीसाठी तिवराची वाळकी फाटी आणायची. चिंबोऱ्या तिवरात, निवट्या तिवराखालच्या चिखलात. २०१२ साली वनखात्याचा कांदळवन कक्ष झाला, त्यानंतर खाडीवर पाटी लागली, तेव्हा मी तो शब्द पहिल्यांदा वाचला. झाडं वाचली हे चांगलंच झालं. २००५ साली उच्च न्यायालयानं तोड थांबवली नसती तर आमच्याकडची कितीतरी भरावाखाली गेली असती. पण पाटीवर गावचा शब्द नसला की पोरांना वाटतं, हे सरकारचं काहीतरी आहे, आपलं नाही.

जुना_गिरगावकर :
सगळ्या जातींना मिळून एक नाव हवं म्हणून कांदळवन घेतलं असावं. २०२० मध्ये राज्यानं पांढऱ्या चिप्पीला कांदळवनातला राज्यवृक्ष ठरवलं, तेव्हा निदान एक नाव गावातून आलं. 'खारफुटी' मात्र मला सुंदर वाटतो. खाऱ्या मातीतून फुटते ती खारफुटी.

पेणचा_नातू :
नाही हो. आमच्याकडे खार म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली भातशेती. बांधाला खांड पडली, भरती आत शिरली की म्हणायचे, खार फुटली. पीक गेलं, माती खारी झाली, आणि काही वर्षांनी तिथे तिवर उगवलं. आजोबांची दोन एकर अशीच गेली. आता ती झाडं तोडता येत नाहीत, २०१८ च्या निकालानं तर भोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही राखला आहे. झाडं तोडावीत असं माझं म्हणणं नाही. पण आजोबांच्या तोंडी खारफुटी हा नुकसानीचा शब्द होता. तुम्ही त्याला सुंदर म्हणता तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसतो.

साधी_मराठी :
मी तिसरंच ऐकलंय. तिवराच्या पानांवर मीठ फुटतं. सकाळी पान चाटून बघा, खारट लागतं. म्हणून खारफुटी.

परळची_भाषांतरकार :
तिन्ही व्युत्पत्त्या ऐकायला छान आहेत. यातली एक तरी कुणी जुन्या कागदात पाहिली आहे का? पेणकडच्या एखाद्या बांधाच्या तक्रारअर्जात 'खारफुटी' सापडला तर मी नातूंची बाजू लगेच घेईन.

पेणचा_नातू :
आजोबांचे अर्ज ट्रंकेत आहेत. मे महिन्यात गेलो की बघतो.

चारकोपवासी :
सध्या शाश्वतच ठेवलाय, खाली कंसात 'खाडीला सोसवेल अशी'. काकांना अजून दाखवलेलं नाही.

गोराईकर :
पत्रकावर चित्र कुठल्या झाडाचं आहे? मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर आलीत की खोडापासून कमानीसारखी खाली?

चारकोपवासी :
कमानीसारखी.

गोराईकर :
मग तो कांदळ. तुमच्या चारकोपच्या मागे बहुतेक सगळं तिवरच आहे. छपाईला जाण्याआधी चित्र बदला. रविवारी ओहोटीला या, मी दाखवतो, फोटो काढून घ्या.

चारकोपवासी :
छपाई शनिवारी आहे हो. उद्याची ओहोटी किती वाजता?