बायपोलर आणि चारचौघांची भीती : बोलून करायच्या उपचारासाठी कुणाकडे जावं?

निशिगंध
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी सांगलीची, चाळिशीच्या अलीकडची. बायपोलर टाइप वन, म्हणजे मूड कधी फार वर उसळतो (मॅनिया), कधी नैराश्यात जातो. तो ताळ्यावर ठेवायला लिथियम चालू आहे, रक्ततपासणी वेळच्या वेळी होते, मोठा एपिसोड येऊन बराच काळ लोटला. डॉक्टर म्हणतात, "छान चाललंय." गोळ्यांच्या हिशेबात ते खरंही आहे. पण माझं माणसांत जाणं बंद पडलंय. बारसं, लग्न, सोसायटीची मीटिंग, काहीही ठरलं की आधीपासून पोट बिघडतं. तरी गेलेच तर परत आल्यावर रात्रभर एकच दळण : मी असं का बोलले, ती तशी का बघत होती.

यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे हात. लिथियममुळे बोटं बारीक थरथरतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या वहिनींना कुंकू लावताना बोट हललं आणि रेघ थेट भांगापर्यंत गेली. त्या हसल्या, मग सगळ्याच हसल्या. तेव्हापासून कुणी करंडा पुढे केला की मी "हात ओले आहेत" म्हणून सटकते.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. शेवटच्या मॅनियात मी सोसायटीच्या ग्रुपवर रात्री तीन वाजता लांबलचक मेसेज टाकत होते. बिल्डिंगमधल्या प्रत्येकीला पैठणी देते म्हणून येवल्याला ऑर्डरही दिली होती. यजमानांनी हातापाया पडून ती रद्द करवली. हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे "लोक तुझ्याबद्दल काही बोलत नाहीत, तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. बोलतात. मी ऐकलंय.

डॉक्टरांनी भीतीसाठी आणखी गोळी वाढवण्यापेक्षा थेरपी घ्या असं सुचवलंय. पण कुठली? सीबीटी (विचार आणि वागणं तपासून बदलायची थेरपी), तिच्याच जातीची आरईबीटी, ग्रुप थेरपी, सगळं वाचून डोकं गरगरतंय. मराठीतून बोलणारं कुणी हवं. इंग्रजीत मला धड रडताही येत नाही.

पक्याभाऊ
ताई, एवढं काय मनावर घेता? सकाळी प्राणायाम करा, लोकांत मिसळा. भीती आपोआप जाते. आणि त्या गोळ्यांनीच हात थरथरतो ना, मग हळूहळू कमी करून बघा.

रानवाट
पक्याभाऊ, प्राणायाम ठीक, पण गोळ्या कमी करायचा सल्ला इथे नको. लिथियम मध्येच थांबवलं की मॅनिया उलटायचा धोका वाढतो. माझ्या धाकट्या भावाचं झालंय, घरच्यांनी काय भोगलं ते आम्हाला माहीत.

निशिगंध, थरथरीचं आधी डॉक्टरांना सांगितलंय का? डोस, गोळीची वेळ, थायरॉईड यांचा संबंध असतो. काहींना प्रोप्रानोलॉल देतात, पण दमा असेल तर ते चालत नाही, म्हणून डॉक्टरच ठरवतील. चहा-कॉफीने थरथर वाढते हे खरं, तरी चहा एकदम तोडू नका, त्यानेही रक्तातलं लिथियम वाढू शकतं. अंगदुखीला आयब्रुफेन घेऊ नका, तेच कारण. आणि थरथर अचानक जाडीभरडी झाली, सोबत उलट्या-जुलाब, तोल जाणं असं काही दिसलं तर थेरपीबिरपी बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठायचा.

डोंबिवलीकर
ताई, पैठणीचं वाचून थांबलो. माझी पैठणी म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांना 'रिप्लाय ऑल' करून पाठवलेला कंपनी सुधारण्याचा आराखडा. बायपोलर टाइप टू, म्हणजे वरची उसळी जरा सौम्य. त्यामुळे अनुभवाचे बोल लिहितो, लांबेल.

मी आधी ज्या समुपदेशकांकडे गेलो (नाव देत नाही) ते पहिल्याच भेटीत म्हणाले, "लोकांना तुमच्याकडे बघायला वेळ नाही." नुसत्या सोशल अँग्झायटीवाल्याला, म्हणजे फक्त चारचौघांची भीती असलेल्याला, हे कदाचित लागू पडत असेल. आपल्याकडे बघायला लोकांना एकदा भरपूर वेळ मिळालेला असतो! ते नाकारणाऱ्या माणसावर विश्वास कसा बसणार? नंतरच्या बाईंनी पहिलं काम केलं ते हे की कागदाचे दोन भाग केले. एका बाजूला खरंच घडलेलं : कोणता मेल, कुणाला गेला, कोण काय म्हणालं. दुसऱ्या बाजूला मी त्यावर चढवलेले मजले : 'म्हणून आता कायम सगळे मला वेडाच समजतात.' पहिल्या बाजूला वाद नाही, तिथे माफी, उधारी चुकवणं, घडलेलं पचवणं. थेरपीतले प्रयोग होतात ते दुसऱ्या बाजूवर.

प्रयोग म्हणजे काय ते सांगतो. भीती लपवायला आपण ज्या युक्त्या करतो त्या सोडून बघायच्या. मी मीटिंगमध्ये हात टेबलाखाली ठेवायचो आणि प्रत्येक वाक्य मनात घोळवून मग बोलायचो. बाईंनी फोनवर माझे दोन व्हिडिओ घेतले, एकात युक्त्या करून बोललो, दुसऱ्यात न करता. बघण्याआधी लिहून घेतलं की थरथर किती दिसेल. मी लिहिलं होतं दहापैकी नऊ. बघितल्यावर तीन द्यायलाही जीव होईना. उलट युक्त्यांच्या व्हिडिओतला मी जास्त चमत्कारिक वाटत होतो, परीक्षेला बसल्यासारखा.

ग्रुपमध्येही करतात, पण मला एकट्याने केलेलं मानवलं. आजाराची गोष्ट सुटी सांगता येते.

अनघा
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथे कुणाला पेशंट म्हणून घेत नाही, सर्वसाधारण माहिती देते.

डोंबिवलीकरांनी सांगितलं ते क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांच्या १९९५ च्या मांडणीवरचं काम आहे. माणसाचं सगळं लक्ष स्वतःकडे वळतं, तो आतून जाणवणाऱ्या धडधडीवरून बाहेर आपण कसे दिसतो याचा अंदाज बांधतो, आणि युक्त्यांमुळे तो अंदाज कधी तपासलाच जात नाही. ब्रिटनच्या नाइस या उपचारांबद्दल सल्ला देणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सोशल अँग्झायटीसाठी वैयक्तिक सीबीटीला पहिली पसंती आहे, या पद्धतीने दीड-दीड तासाची १४ सत्रं, साधारण चार महिन्यांत. आपल्याकडे दीड तास क्वचित मिळतो, पाऊण तास मिळाला तरी पुष्कळ. मग सत्रं वाढतात, हे धरून चाला.

एक स्पष्ट सांगायला हवं. सोशल अँग्झायटीच्या बऱ्याच अभ्यासांत बायपोलर रुग्णांना घेतलेलंच नसतं. त्यामुळे जे करतो ते दोन्हीकडचं जोडून. बायपोलरच्या बाजूने अमेरिकेच्या स्टेप-बीडी प्रकल्पातला २००७ चा अभ्यास बघण्यासारखा आहे : औषधांच्या जोडीला नऊ महिन्यांत ३० पर्यंत सत्रं मिळालेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के वर्षभरात नैराश्यातून बाहेर आले, थोडक्या माहिती-सत्रांवर थांबलेल्यांत ५२ टक्के. त्या थेरप्यांत सीबीटी होती, कुटुंबाला सोबत घेऊन करायची थेरपी होती आणि झोप-जेवणाची लय सांभाळणारी आयपीएसआरटीही होती.

तुमचे डॉक्टर गोळी वाढवायला का कचरतात तेही कळू दे. या भीतीवर एरवी सेर्ट्रालीन, पॅरोक्सेटीनसारखी एसएसआरआय गटातली, नैराश्यावरचीही औषधं देतात. बायपोलरमध्ये त्यांनी मूड वर उसळायची शक्यता असते. म्हणून थेरपी आधी.

थेरपिस्ट निवडताना आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी मागा. एम.फिल. किंवा तत्सम क्लिनिकल सायकॉलॉजीचं प्रशिक्षण असलेल्यांची ती असते. 'कौन्सेलर' अशी पाटी कुणीही लावू शकतं. पहिल्या फोनवर विचारा : बायपोलरचे रुग्ण बघता का, माझ्या डॉक्टरांशी बोलाल का, आणि मला अचानक फार बरं वाटू लागलं तर काय कराल. शेवटच्या प्रश्नावर "आनंदच आहे!" असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

निशिगंध
रानवाट, अनघाताई, मनापासून आभार. डोंबिवलीकरदादा, 'चढवलेले मजले' वाचून मी आणि यजमान दोघंही हसलो, घरात बऱ्याच दिवसांनी.

अनघाताई, तो शेवटचा प्रश्न जरा उलगडून सांगाल? धीट व्हायलाच तर थेरपी घ्यायची ना? आणि आरईबीटीचं काय? मराठीत त्यावर पुष्कळ वाचायला मिळतं.

अनघा
थेरपीने येणारी धिटाई हळू आणि ठरावीक जागी येते. आज वहिनींशी जिन्यात बोललात, पण मीटिंगमध्ये अजून धडधडतंच. हायपोमेनियात, म्हणजे मॅनियाच्या सौम्य रूपात, सगळीकडे एकदम भीती उडते, झोप कमी होते आणि कमी झोपूनही थकवा नसतो. म्हणून या थेरपीत मूड आणि झोपेची रोजची नोंद ठेवायचीच. रोजच्यापेक्षा बरीच कमी झोप सलग दोन रात्री झाली तर त्या आठवड्याचे प्रयोग रद्द, डॉक्टरांना फोन. नैराश्य खोल असतानाही प्रयोग लादायचे नाहीत, ते फसतात आणि "मला जमतच नाही" याला पुरावा मिळतो.

आरईबीटी उत्तम आहे. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यामुळे आरईबीटीचे जनक अल्बर्ट एलिस घराघरांत पोचले. 'लोकांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे' या हट्टावर ती नेमकं बोट ठेवते, आणि तुमच्यासारख्या ठिकाणी, जिथे लोक खरंच बोललेत, तिथे 'बोलले, वाईट वाटलं, तरी मी टाकाऊ ठरत नाही' हा विचार सीबीटीतल्या पुरावे तपासण्यापेक्षाही कामी येतो. फक्त एलिसचे लाज मोडायचे व्यायाम, म्हणजे रस्त्यात मुद्दाम विचित्र वागून बघणं, ते टाइप वनमध्ये मी देत नाही. आजारात झालेल्या लाजिरवाण्या गोष्टी आधीच पुरेशा असतात, आणि घरच्यांनाही कळेनासं होतं की हा व्यायाम आहे की मॅनियाची सुरुवात.

रानवाट
जागांबद्दल. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्य संस्था आहे, १९९० पासून, पुण्यातही केंद्र आहे. सगळं मराठीत. सांगलीहून जाणं नको असेल तर पहिली भेट समोरासमोर आणि पुढचं ऑनलाइन असं विचारून बघा. खर्च झेपत नसेल तर सिव्हिलमधली मनोविकार ओपीडी आहेच, पण तिथे गर्दीत लांब सत्र मिळेल याची खात्री नाही. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन (१४४१६) फुकट आहे, मराठीत बोलतात, अडीनडीला चांगलं. नियमित थेरपीची जागा ते घेत नाही.

विम्यावर फार विसंबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायला सांगितलंय, पण बऱ्याच पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात. ओपीडी कव्हर असेल तर थेरपी त्यात बसते का ते लेखी विचारा.

चारुलता
मला एक सांगा, सोसायटीतल्या बायकांना आजाराचं नाव सांगावं का? माझ्या मते नाही. एकदा सांगितलं की साधं भांडण झालं तरी "हिने गोळी घेतली नाही वाटतं" सुरू होतं.

डोंबिवलीकर
सगळ्यांना नाहीच. मी ऑफिसात एकालाच सांगितलं, तेही स्थिर असताना, आधी थेरपीत शब्द ठरवून. फायदा असा की मेल पाठवायच्या आधी तो एकदा डोळ्याखालून घालतो. ज्याला सांगायचं त्याच्याकडून काय हवंय ते ठाऊक नसेल तर सांगू नये, इथे चारुलताताईंशी सहमत.

निशिगंध
मग वहिनींना सांगते. आजाराचं नाव नाही, फक्त "औषधाने हात थरथरतो" एवढंच. खोटंही नाही. यजमान म्हणतात, चैत्रगौरीला त्यांना आपल्याकडेच बोलाव, घरच्या मैदानावर.

अनघाताई, हा प्रयोग थेरपी सुरू व्हायच्या आधी केला तर चालेल?

अनघा
चालेल. झोप नीट असेल तर. करंडा धरायच्या आधी एका ओळीत लिहून ठेवा की काय होईल असं वाटतंय, आणि नंतर काय झालं तेही. लावताना बोटाकडे न बघता वहिनींच्या चेहऱ्याकडे बघा. रेघ गेली तर रुमाल जवळ असू द्या. पहिल्या सत्राला तो कागद घेऊन जा, थेरपिस्टचा अर्धा तास वाचेल.

बेळगावची_मीरा
उशिरा वाचलं. बेळगावात मराठी बोलणारं कुणी माहीत आहे का? भाचा कॉलेजात आहे, बायपोलरचं निदान अलीकडेच झालंय, तोंडी परीक्षेला बसायला तयार नाही.

रानवाट
मीरा, बेळगावातलं नाव माझ्याकडे नाही. निदान ताजं असेल तर आधी मूड स्थिर होऊ दे, ते डॉक्टरांनाच विचारा. तोवर कॉलेजला डॉक्टरांचं पत्र देऊन तोंडी परीक्षा पुढे ढकलता येते का बघा. पत्रात आजाराचं नाव न घालता 'उपचार सुरू आहेत' एवढं लिहा अशी विनंती करता येते. थेरपीसाठी नाव मिळालं तर इथेच टाकते.