दक्षिण युरोपातली गोल्फ सहल: ग्रीन फीचा हिशेब कसा मांडता? (अनुभव धागा)

हिरवळ (धागाकर्ता)

पोर्तुगालचा अल्गार्व किनारा आणि स्पेनचा कोस्ता देल सोल इथे खेळून आलेले बरेच जण इथे आहेत. प्रवासवर्णनं नकोत. आकडे लिहा, आणि पैसे कुठे गळतात ते लिहा.

वेबसाइटवरची ग्रीन फी (कोर्सवर एकदा खेळायचे पैसे) गुणिले राउंड (18 होलचा एक खेळ), हा हिशेब हमखास तोंडघशी पाडतो. 'खेळलेल्या एका राउंडचा पूर्ण खर्च' काढायची सवय लावा. नमुना म्हणून अल्गार्वच्या विलामोरात मुक्काम, ऑक्टोबर महिना, चौघे जण, सात रात्री, पाच राउंड असं धरू. माणशी:

एक नामांकित कोर्स 180 युरो, दोन मधले 110 प्रमाणे 220, दोन दुपारनंतरचे 75 प्रमाणे 150. ग्रीन फी झाली 550. तीन दिवस बग्गीचा (कोर्सवर फिरायची दोघांची छोटी गाडी) अर्धा वाटा 25 प्रमाणे 75, दोन दिवस पिशवी वाहणारी इलेक्ट्रिक ट्रॉली 30, सरावाच्या रेंजचे बॉल 25, राउंडमधलं खाणंपिणं 75. गाडी आणि इंधन मिळून 600, म्हणजे माणशी 150. एकूण 905 युरो. राउंडला 181 पडले, ग्रीन फीची सरासरी मात्र 110 च होती. हॉटेल आणि विमान यात धरलेलं नाही.

आकडे ढोबळ आहेत, तुमचे घाला. पण 100 ची फी दिसली की 160 ते 165 बाजूला काढायचे, हे प्रमाण बऱ्यापैकी टिकतं.

पुणेरी पटर

कोर्स ठरवायच्या आधी महिना ठरवा. दरात जास्त फरक महिन्यानेच पडतो.

अल्गार्वला गोल्फचे सीझन दोन: मार्च ते मे आणि मध्य सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात. थंडीला कंटाळलेले उत्तर युरोपातले लोक याच वेळी उतरतात, तेव्हा दर शिखरावर असतात. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीन फी उतरते, पण किनाऱ्यावरची हॉटेलं चढतात. एका खिशातले वाचलेले पैसे दुसऱ्या खिशातून जातात. डिसेंबर-जानेवारीत दोन्ही स्वस्त, पण दिवस लहान आणि पावसाची शक्यता. माझं मत विचाराल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारीचा शेवट.

आणि दरपत्रकात सीझन नेमका कोणत्या तारखेला बदलतो ते बघा. सहल तीन दिवस मागेपुढे केली तर पाचांपैकी तीन राउंड खालच्या दरात बसू शकतात.

दुपारचा गडी

ट्वायलाइट दराबद्दल. दुपारनंतरच्या टी टाइमला (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) फी बरीच कमी होते, म्हणून नवखे लोक तेवढाच दर बघून बुकिंग करतात. बुकिंगआधी सूर्यास्त बघा.

भरलेल्या कोर्सवर 18 होलना साडेचार तास लागतात. अल्गार्वच्या फारोला मध्य डिसेंबरात सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे पावणेएकनंतर टी ऑफ केलंत तर शेवटचे होल अंधारात, किंवा खेळलेच नाहीत. 18 चे पैसे देऊन 14 होल खेळले तर ती सवलत कसली? कोस्ता देल सोलच्या मालागाला त्याच सुमारास सूर्यास्त सहानंतर होतो, कारण स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या तासभर पुढे आहे. हिवाळ्यात ट्वायलाइट दरावर खेळायचं असेल तर कोस्ता देल सोल बरा.

दुसरा सापळा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारचा. त्या दिवशी घड्याळ तासभर मागे जातं. शनिवारी आरामात पुरलेला टी टाइम सोमवारी पुरत नाही. त्या आठवड्याचं बुकिंग करताना दर नव्हे, तास मोजा. बग्गी किती वाजता परत द्यायची तेही विचारून ठेवा. ती वेळ सूर्यास्ताच्या बरीच आधीची असू शकते.

कॅडीविना पोरका

आपल्याकडे कॅडी गृहीत असतो, पिशवी आपण उचलतच नाही. तिकडे सर्रास कॅडी नसतो, त्यामुळे ट्रॉली किंवा बग्गी हा खर्च आपल्या डोक्यात येतच नाही.

सपाट कोर्सवर बग्गी घेऊ नका. इंग्लिश गोल्फपटू हेन्री कॉटनने आखलेला, 1966 सालचा अल्गार्वचा पेनिना कोर्स पूर्वी भातखाचरं असलेल्या जमिनीवर आहे, आरामात चालत होतो. विलामोराचे कोर्सही पाय धड असतील तर चालता येतात. उलट कोस्ता देल सोलजवळच्या मिहासच्या डोंगरातले ला कालाचे कोर्स चालत करायचे म्हणजे गड चढणं. तिथे बग्गीचे पैसे पहिल्यापासून धरा. काही कोर्सवर बग्गी सक्तीची असते आणि काही ठिकाणी ती फीतच मिसळलेली असते. म्हणून 130 ची फी 95 पेक्षा स्वस्त निघू शकते: 95 + 50 ची बग्गी, जोडीदार नसेल तर सगळी तुमच्या माथी.

यातूनच पुढचा मुद्दा: माणसं सम संख्येत न्या. तिघे किंवा पाच जण गेलात की एकाला अख्ख्या बग्गीचं भाडं भरावं लागतं. हा भुर्दंड आधीच सगळ्यांत वाटून घ्या, नाहीतर तिसऱ्या दिवसापर्यंत तोंडं फिरतात.

आठातला एक

गटासाठी 'आठांमागे एक मोफत' ही सवलत बऱ्याच ठिकाणी मिळते, पण ती आपणहून कोणी देत नाही. मागावी लागते, आणि लेखी घ्यावी लागते. मागताना तीन गोष्टी स्पष्ट करा.

आठांत एक मोफत, की आठांनी भरल्यावर नववा मोफत? पहिल्यात माणशी साडेबारा टक्के वाचतात, दुसऱ्यात अकराच्या आसपास. पण आठच जण असाल तर दुसऱ्यात शून्य. ही सवलत प्रत्येक कोर्सला लागू आहे, की फक्त स्वस्त कोर्सना? आणि एकजण ऐनवेळी गळाला तर ती जाते की राहते? शेवटच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वाद होतात. आठाऐवजी नऊ जण नेलेत तर एक गळूनही सवलत वाचते. मात्र नऊ आकडा विषम, म्हणजे बग्गीचं वर लिहिलंय तेच.

एकाच मालकीच्या कोर्सचे तीन किंवा पाच राउंडचे पास सुटे घेण्यापेक्षा स्वस्त पडतात. विलामोरात कोर्स जवळजवळ असल्याने ते जमतं. फक्त पासात नावाजलेला कोर्स आहे का, की त्यासाठी वरचा फरक भरावा लागतो, ते वाचा. 2007 ते 2022 पोर्तुगाल मास्टर्स ही व्यावसायिक स्पर्धा जिथे झाली त्या व्हिक्टोरिया कोर्ससारख्या ठिकाणी फरक लागण्याची शक्यता जास्त.

बंकरवासी

कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ग्रीनला (होलभोवतीच्या बारीक गवताला) भोकं पाडून वाळू भरतात, त्यानंतर निदान पंधरा दिवस पटिंग (तिथे बॉल घरंगळत होलकडे नेणं) म्हणजे खडीच्या रस्त्यावर गोट्या. शरद ऋतूत बर्म्युडा गवताच्या फेअरवेवर (सुरुवातीपासून ग्रीनपर्यंतचा पट्टा) राय गवत पेरतात, तेव्हा बग्गी फक्त पक्क्या वाटेवर आणि फेअरवे ओलसर. फी मात्र पूर्ण सीझनची! बुकिंगआधी ईमेलवर नेमक्या तारखा विचारा. तारीख जुळत असेल तर सूट मागा किंवा दुसरा कोर्स घ्या. हा प्रश्न विचारायला एक पैसा लागत नाही आणि तोच कोणी विचारत नाही.

रुपयावाला

कार्डाबद्दल. परकीय चलन मार्कअप (बँकेचं जादा शुल्क) 3.5 टक्के असेल तर त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्षात 4.13. वरच्या 550 युरोंवर साधारण 23 युरो, म्हणजे दीड दिवसाची इलेक्ट्रिक ट्रॉली. शून्य किंवा कमी मार्कअपचं कार्ड त्यासाठीच घ्या. काउंटरवर मशीन 'रुपयांत की युरोत?' विचारतं तेव्हा युरोच दाबा. रुपये दाबलेत की विनिमयाचा दर त्यांचा.

भारतातल्या टूर कंपनीकडून हॉटेल-गोल्फ-गाडी असं पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर) कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. बजेटमध्ये वेगळी ओळ घाला.

नवखा 28

स्पेनचा वाल्देरामा कोर्स एकदा तरी खेळायचा आहे. बजेटमध्ये कसं बसवू?

हिरवळ (धागाकर्ता)

@नवखा 28, 1997 चा रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका सामना) झाला तो कोर्स, आणि पाहुण्यांची फी 400 युरोंच्या वर. मधल्या दर्जाच्या तीन-चार राउंडचे पैसे एका दिवसात जातात. बसवायचंच असेल तर बाकीचे राउंड ट्वायलाइट किंवा स्वस्त घ्या, त्याची झळ सगळ्यांवर लादू नका. आठांपैकी दोघांनाच हवं असेल तर त्या दिवशी बाकीच्यांसाठी जवळचा स्वस्त कोर्स ठरवा. मालागा विमानतळापासून अंतर शंभर किलोमीटरच्या वर आहे. एपी-7 महामार्गाला टोल आहे आणि उन्हाळ्यात तो वाढतो; ए-7 फुकट, पण हळू. पाहुण्यांना मोजक्याच वेळा मिळतात, म्हणून आधी तो टी टाइम पक्का करा आणि मगच बाकीची आखणी.

हँडिकॅप सर्टिफिकेट (तुमच्या खेळाचा दर्जा आकड्यात सांगणारं; आकडा मोठा तितका खेळ कच्चा) छापून जवळ ठेवा. कोर्सची मर्यादा काय आहे तेही तपासा, कारण जागतिक पद्धतीत 54 पर्यंत इंडेक्स मिळतो म्हणून प्रत्येक कोर्स 54 वाल्याला घेतोच असं नाही. तिथून परत पाठवलं तर भरलेली फी सहसा मिळत नाही.

सीमेपलीकडचा

अल्गार्वच्या पूर्व टोकाला राहत असाल तर ग्वादियाना नदीवरचा पूल ओलांडून स्पेनमध्ये इस्ला कनेला, इस्लांतिया इथे बघा. विलामोराच्या नावाजलेल्या कोर्सपेक्षा फी बरीच कमी पडते. पोर्तुगालच्या बाजूच्या ए-22 महामार्गावरचा टोलही जानेवारी 2025 पासून बंद झाला आहे.

एकच गोष्ट: पूल ओलांडला की घड्याळ तासभर पुढे. स्पेनचा 10 चा टी टाइम म्हणजे पोर्तुगालचे 9. तास चुकला तर तुम्ही 'नो शो' (आलाच नाहीत) आणि फी पूर्ण. पावसाचंही असंच, कोर्स अधिकृतपणे बंद झाला तरच नव्या तारखेचं कूपन मिळतं, नुसता पाऊस पडतोय म्हणून नाही. कूपन मिळालंच तर त्याची मुदत बघा. परतीच्या विमानानंतरची मुदत असून उपयोग नाही, म्हणून पावसाळी महिन्यात शेवटच्या दिवशी महागडा राउंड ठेवू नका.